'तीच गाडी' आणि 'तशीच गाडी'

तत्त्वज्ञानाच्या व्याख्यानमालेत मोटारगाडी कुठून आली, असं आजचा विषय वाचून काही जणांना वाटलं असेल. पण या बाबतीत आपले पूर्वज आपल्यापेक्षा मोकळे होते. 'मिलिंदपन्ह' या पाली ग्रंथात भिक्खू नागसेन मिलिंद राजाला विचारतो, की तू ज्या रथातून आलास तो रथ म्हणजे नेमकं काय? चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? जू म्हणजे रथ का? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो. शेवटी त्याला कबूल करावं लागतं, की हे सगळे भाग एकत्र आल्यावर व्यवहारासाठी आपण जे नाव देतो ते 'रथ'. तेव्हा रथ चालत असेल तर मोटारही चालायला हरकत नाही.

आपली आजची मोटार आहे 1967 सालची शेवरोले कॉर्व्हेट स्टिंग रे. दोन माणसांची, उघड्या टपाची, अमेरिकन स्पोर्ट्स कार. त्या वर्षी एकंदर 22,940 कॉर्व्हेट तयार झाल्या आणि त्यांतल्या 14,436 उघड्या टपाच्या होत्या. आज अशी गाडी विकायला निघते तेव्हा जाहिरातीत तीन शब्द हमखास सापडतात: 'रिस्टोअर्ड', 'फ्रेम-ऑफ' आणि 'नंबर्स मॅचिंग'. या तीन शब्दांवर गाडीची किंमत खूप वर-खाली होते. मला त्यात रस आहे तो वेगळ्या कारणासाठी. हे तिन्ही शब्द एकाच प्रश्नाचं उत्तर देऊ पाहतात: ही तीच गाडी आहे का? आणि बऱ्याचदा ते उत्तर देतात दुसऱ्याच प्रश्नाचं: ही तशीच गाडी आहे का?

मराठीत 'तीच' आणि 'तशीच' यांत एका 'श'चा फरक आहे. आजचं सगळं व्याख्यान त्या 'श'वर आहे म्हणा ना.

आधी गाडी समजून घेऊ. कॉर्व्हेटची बॉडी पत्र्याची नसते, फायबरग्लासची असते. 1953 साली मिशिगनमधल्या फ्लिंट इथं पहिल्या 300 कॉर्व्हेट बनल्या, तेव्हापासून ही पद्धत आहे. फायबरग्लासला गंज चढत नाही. पण ती बॉडी ज्या लोखंडी चौकटीवर, म्हणजे फ्रेमवर, बसते तिला चढतो. वरून गाडी चकचकीत आणि खाली फ्रेम खाल्लेली, असं होऊ शकतं. म्हणून चांगला कारागीर बॉडी उचलून बाजूला ठेवतो, फ्रेम साफ करतो, डागडुजी करतो किंवा बदलतो आणि मग सगळं पुन्हा जोडतो. हे 'फ्रेम-ऑफ'. या कामात किती भाग जुने राहिले आणि किती नवे आले, हे जाहिरातीतून कळत नाही.

आता 'नंबर्स मॅचिंग'. आपल्याकडे आरटीओत चॅसिस नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासून ठसा घेतात, ते तुम्ही पाहिलं असेल. तसाच प्रकार इथं आहे. 1967 च्या कॉर्व्हेटची जोडणी मिझुरी राज्यातल्या सेंट लुईसच्या कारखान्यात व्हायची. लहान व्ही-8 इंजिन फ्लिंटहून यायचं, मोठं इंजिन न्यूयॉर्क राज्यातल्या टोनावांडाहून यायचं. काही बॉड्याही बाहेरच्या कारखान्यातून तयार होऊन यायच्या. इंजिनावर पुढच्या बाजूला एक छोटी सपाट जागा असते. तिथं इंजिनाच्या कारखान्यानं आपली खूण आणि तारीख ठोकलेली असायची. सेंट लुईसमध्ये त्याच जागी गाडीच्या नंबरातले शेवटचे आकडे ठोकत. आज ते आकडे गाडीच्या नंबराशी जुळले, तर हे इंजिन या गाडीबरोबरच जन्मलं असं म्हणतात.

इथं जरा थांबा. 'मूळ गाडी', 'मूळ गाडी' असं आपण म्हणतो, पण ती मूळ गाडीसुद्धा तीन-चार गावांहून आलेल्या भागांची मोळीच आहे. नागसेन हसला असता! त्या मोळीला एकपण मिळालं ते तिच्यावर नंबर पडला तेव्हा.

मग पुढच्या पन्नास वर्षांत भाग बदलत गेले तर ते एकपण कुठं जातं? ग्रीक लोकांनी हा प्रश्न थिसिअसच्या जहाजाबद्दल विचारला. फळ्या एकेक करून बदलल्या, सगळ्या बदलल्या, तर जहाज तेच का? सतराव्या शतकात थॉमस हॉब्जनं त्यात आणखी एक पेच टाकला. काढलेल्या जुन्या फळ्या कुणी जपून ठेवल्या आणि त्यांचं दुसरं जहाज बांधलं, तर खरं कुठलं? जुन्या गाड्यांच्या बाजारात हा पेच काल्पनिक नाही. एका गाडीचं इंजिन कधीतरी निघून दुसऱ्या गाडीत गेलं, फ्रेम तिसरीची आली, असं घडतं. मग 'मी खरी' म्हणणाऱ्या दोन गाड्या उभ्या राहतात.

आपल्या न्याय-वैशेषिकांचं उत्तर फार कडक आहे. त्यांच्या मते अवयवी, म्हणजे पूर्ण वस्तू, अवयवांहून वेगळी असते. पण ती त्याच अवयवांवर टिकून असते. एक अवयव गेला की जुना अवयवी नष्ट होतो आणि नवा उत्पन्न होतो. वस्त्रातून धागा निघाला की ते वस्त्र वेगळं. हे मत धरलं तर स्पार्क प्लग बदलला की गाडी दुसरी! तर्काला हे पेलतं, पण रजिस्ट्रेशनला पेलणार नाही.

व्यवहार वेगळा विचार करतो. त्याचं चांगलं उदाहरण लंडनच्या न्यायालयात 1990 साली घडलं. गाडी अमेरिकन नव्हती, बेंटली होती. 'ओल्ड नंबर वन' नावाची ही गाडी 1929 आणि 1930 अशी दोन्ही वर्षं ल मान्सची शर्यत जिंकलेली. एक कोटी पौंडांना सौदा ठरला आणि मग खरेदीदार म्हणाला, की हिच्यात इतके बदल झालेत की ही ती गाडीच नव्हे. न्यायमूर्ती ऑटन यांनी निकाल विक्रेत्याच्या बाजूनं दिला. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा, की जुने भाग फारसे उरलेले नसले तरी या गाडीचं आयुष्य मध्ये कुठं तुटलेलं नाही. ती एका रात्रीत बदलली नाही, बदलत बदलत इथवर आली, आणि 'तीच' असल्याचा दावा करणारी दुसरी गाडीही नाही.

म्हणजे 'तीच' असणं हे द्रव्यावर नाही, अखंड इतिहासावर ठरलं. मला हे पटतं. पण मग रिस्टोरेशनची एक गंमत लक्षात येते. अमेरिकेत 1974 पासून कॉर्व्हेट रिस्टोअर करणाऱ्यांची एक राष्ट्रीय संस्था आहे. तिचे परीक्षक गाडी कारखान्यातून निघाली तेव्हा जशी होती त्याच्याशी ताडून गुण देतात. रंग कारखान्यापेक्षा जास्त गुळगुळीत झाला तरी गुण जातात! पण विचार करा, कारखान्यातून निघाली तशी गाडी करायची म्हणजे त्यानंतरचं तिचं आयुष्य पुसायचं. झिजलेली सीट, बोनेटवरचा पोचा, मालकानं हौसेनं बसवलेला रेडिओ, सगळं पुसायचं. म्हणजे गाडी जितकी जास्त 'तशीच' होते, तितक्या 'तीच' असल्याच्या खुणा कमी होतात. म्हणूनच अलीकडे हात न लावलेल्या, रंग उडालेल्या गाड्यांनाही मान मिळतो. मूळपण एकदाच असतं; ते परत आणता येत नाही, फक्त त्याची नक्कल करता येते.

आता खरा अवघड भाग. इंजिन दुरुस्त करताना ब्लॉकचा वरचा पृष्ठभाग मशीनवर घासावा लागतो. त्यात ती सपाट जागाही घासली जाते आणि नंबर उडतो. यात फसवणूक काही नाही. साधी दुरुस्ती आहे. इंजिन तेच, गाडी तीच, पुरावा मात्र गेला. मग मालक म्हणतो, नंबर खराच होता, पुन्हा ठोकतो. यात खोटं काय?

आपल्याकडच्या शब्दप्रमाणाच्या चर्चेत याचं उत्तर आहे. कुणाच्या सांगण्यावरून आपल्याला ज्ञान व्हायचं, तर सांगणारा 'आप्त' हवा. त्याला ती गोष्ट ठाऊक हवी आणि ती जशी आहे तशी सांगायची त्याची इच्छा हवी. 1967 साली सेंट लुईसमध्ये ठोकलेला नंबर हा साक्षीदार आहे. तो तिथं हजर होता. आज ठोकलेला नंबर त्या साक्षीदाराचे कपडे घालून उभा आहे. तो बोलतोय ते कदाचित खरं असेल, पण 'मी तिथं होतो' हे तो जे सुचवतो ते खोटं आहे. जाणकार म्हणूनच नुसते आकडे बघत नाहीत. कारखान्यातल्या यंत्रानं त्या जागेवर बारीक, सरळ, समांतर रेघा सोडलेल्या असतात, त्या शोधतात. आकडे काय म्हणतात यापेक्षा ते कुणी म्हटले, हे त्यांना हवं असतं.

पण नंबराला सर्वस्व मानलं तर काय होतं, तेही बघा. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात एकानं दुसऱ्या राज्यातून 1959 सालची कॉर्व्हेट कन्व्हर्टिबल प्रामाणिकपणे विकत घेतली. नोंदणीसाठी नेली, तर पोलिसांना दिसलं की नंबरची पट्टी काढून पुन्हा बसवली आहे. ते काम आधीच्या रिस्टोरेशनमध्ये झालेलं. या माणसाला त्याची कल्पना नव्हती. तिथला कायदा चोरीच्या गाड्यांसाठी केलेला होता: नंबराला हात लागलेली गाडी बेकायदा माल, आणि ती नष्ट करायची. गाडी जप्त झाली, वर्षानुवर्षं खटला चालला. शेवटी 2022 साली विधिमंडळानं कायदा बदलला, की रिस्टोरेशनसाठी पट्टी काढून लावली तर तो गुन्हा नाही. पुढं गाडी मालकाला परत मिळाली. चोर पकडायला ठेवलेली खूण सावाच्याच मुळावर उठली होती.

मग निष्कर्ष काय? भागांवरून 'तीच' ठरत नाही, हे नागसेनानं सांगितलं. नंबरावरून सगळं ठरवू नये, हे कॅन्ससनं शिकवलं. उरतो तो इतिहास, आणि इतिहास सांगावा लागतो. म्हणून रिस्टोअर केलेली गाडी विकणाऱ्याचं पहिलं कर्तव्य मला वाटतं ते हे: काय बदललं, कधी बदललं, कुणी बदललं, याची वही ठेवायची आणि ती घेणाऱ्याच्या हातात द्यायची. जुनी बिलं, फ्रेम उघडी असतानाचे फोटो, काढलेला जुना भाग असेल तर तोही. 'इंजिन त्याच वर्षाचं आहे, पण या गाडीचं नाही' असं सरळ लिहिणाऱ्या माणसाची गाडी 'तशीच' आहे आणि त्यात काही कमीपणा नाही. चालवायला ती तितकाच आनंद देईल. कमीपणा आहे तो 'तशीच'ला 'तीच' म्हणून विकण्यात.

आणि तुमच्यापैकी कुणी अशी गाडी घ्यायला निघालाच, तर रंगाकडे नंतर बघा. आधी वही मागा. वही नसेल तर विक्रेत्याला शांतपणे एकच प्रश्न विचारा, 'यातलं काय या गाडीचं नाही?' याचं उत्तर तो न अडखळता देत असेल, तर पुढचं बोलणं करायला हरकत नाही.

इथं थांबतो. प्रश्न असतील तर घेऊया.