शाळेची घंटा पुन्हा वाजू दे!

गणपती विसर्जन करून थकलेली गावं गाढ झोपली होती. ३० सप्टेंबर १९९३. पहाटे चारच्या सुमारास लातूर आणि उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, या जिल्ह्यांत जमीन हादरली. दगडमातीच्या जाड भिंती आणि जड माळवदं झोपलेल्या माणसांवर कोसळली. किल्लारी, सास्तूर आणि आसपासच्या गावांत हजारो माणसं गेली.

धान्य, कपडे, औषधं आली. पण मुलांचं काय? दप्तर, पुस्तकं तर ढिगाऱ्याखाली! तेव्हा भारतीय जैन संघटनेच्या शांतिलाल मुथ्था यांनी सुमारे १२०० मुलांना पुण्याला आणलं. त्यांच्या राहण्याजेवणाची आणि शिक्षणाची सोय केली.

शाळा म्हणजे नुसता अभ्यास नव्हे, बरं का! ठरल्या वेळी घंटा होते, हजेरीत आपलं नाव पुकारलं जातं, शेजारी मित्र बसतो. बाकी सगळं विस्कटलेलं असताना एवढं जरी जागेवर असलं, तरी मुलांना धीर येतो. मोठ्यांनाही घर उभारायला सवड मिळते.

मग एखाद्या गावात पूर आला, दरड कोसळली, तर तुम्ही काय कराल? फाटकी पुस्तकं, विटके कपडे मुळीच पाठवू नका. आईबाबांच्या मदतीनं आधी तिथल्या गुरुजींना विचारा : कुठल्या इयत्तेत किती मुलं आहेत? वह्या हव्यात, की बसायला सतरंज्या? आणि हो, दोन महिन्यांनी पुन्हा एकदा विचारा. तोवर पेपरातल्या बातम्या थांबलेल्या असतात. शाळेची गरज मात्र तशीच असते.