बँकेत ठेवलेले भांडवल कितपत सुरक्षित?

मागील आठवड्यात आम्ही नागपूरच्या प्रताप नगर भागातील काही दुकानदार व कारागीर बांधवांना भेटलो. त्यांत सोफासेट तयार करणारे एक गृहस्थ होते. बँकांचा विषय निघताच ते म्हणाले, "भाई, बँक सरकारी असो की सहकारी, बुडाली तर पाच लाख मिळतातच. मग काळजी कसली?" त्यांचे म्हणणे निम्मे बरोबर आहे. उरलेल्या निम्म्यात व्यापाऱ्याचा धंदा बसू शकतो, म्हणून हा लेख.

प्रथम पाच लाखांचा हिशेब पाहू. ठेव विमा व पत हमी महामंडळ ही रिझर्व्ह बँकेची संस्था आहे. विम्याचा हप्ता बँक भरते, ठेवीदाराला काही द्यावे लागत नाही. 1962 साली ही योजना सुरू झाली तेव्हा मर्यादा 1,500 रुपये होती. 1993 मध्ये ती 1 लाख झाली आणि पुढे तब्बल 27 वर्षे तिथेच राहिली. 4 फेब्रुवारी 2020 पासून ती 5 लाख करण्यात आली. बचत, चालू, मुदत व आवर्ती अशा सर्व खात्यांना हा विमा लागू आहे. आपल्यापैकी अनेक जण व्याज घ्यायचे नाही म्हणून रक्कम चालू खात्यातच ठेवतात. तीही विम्यात येते.

परंतु हे पाच लाख एका खात्यामागे नाहीत. ते एका बँकेतील एका व्यक्तीमागे आहेत, आणि त्यात मुद्दल व व्याज दोन्ही आले. सोफावाल्या गृहस्थांचे दुकानाच्या नावाने चालू खाते, स्वतःच्या नावाने बचत खाते आणि मुलीच्या लग्नासाठी स्वतःच्याच नावाची मुदत ठेव, असे सर्व मिळून सुमारे 9 लाख रुपये एकाच सहकारी बँकेत होते. तीन खाती म्हणजे 15 लाखांचे संरक्षण, असा त्यांचा समज. प्रत्यक्षात दुकान एकट्याच्या मालकीचे असेल तर दुकानाचे खाते आणि मालकाचे खाते कायद्याच्या नजरेत एकच धरले जाते. शाखा वेगळ्या असल्या तरी बेरीज एकत्रच होते. म्हणजे 9 पैकी 5 लाखांची हमी आणि 4 लाख नशिबावर! भागीदारी पेढीचे खाते मात्र वेगळे मोजले जाते, तसेच अज्ञान मुलाचा पालक म्हणून उघडलेले खातेही. सर्वांत सोपा उपाय म्हणजे रक्कम दोन वेगळ्या बँकांत ठेवणे. मर्यादा प्रत्येक बँकेसाठी स्वतंत्र आहे.

आणखी एक गोष्ट कर्जदार व्यापाऱ्यांच्या लक्षात येत नाही. त्याच बँकेचे कॅश क्रेडिट किंवा अन्य कर्ज आपल्यावर असेल, तर बँक आपली येणी ठेवीतून वळती करून घेऊ शकते व उरलेल्या रकमेवरच विमा मोजला जातो. सहकारी बँकेचे कर्ज घेताना जे भाग घ्यावे लागतात, त्या भागांच्या रकमेला तर विमाच नाही. बँक बुडाली म्हणून कर्ज माफ होते, असेही कोणी समजू नये.

खरा धोका वेळेचा

बँक अडचणीत आली की रिझर्व्ह बँक बँकिंग नियमन कायद्याच्या कलम 35अ खाली निर्बंध घालते. त्या दिवसापासून आपलेच पैसे काढण्यावर मर्यादा येते. 23 सप्टेंबर 2019 रोजी पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले, तेव्हा पहिली मर्यादा सहा महिन्यांत फक्त 1,000 रुपये होती. पुढे ती वाढवली गेली. पण ज्याला शनिवारी कारागिरांचा पगार द्यायचा आहे, त्याने हजार रुपयांत काय करावे? कापडवाल्याला, लाकूडवाल्याला दिलेले धनादेश परत येतात आणि बाजारात वर्षानुवर्षे कमावलेली पत एका आठवड्यात जाते.

2021 मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. त्यानुसार निर्बंध आल्यापासून 90 दिवसांत विम्याची रक्कम ठेवीदाराला मिळाली पाहिजे. त्यातील पहिले 45 दिवस बँकेने खातेदारांची यादी देण्यासाठी आहेत. पूर्वीच्या मानाने ही मोठीच सुधारणा होय, कारण पुण्याच्या रुपी बँकेवर 2013 मध्ये निर्बंध आले आणि परवाना रद्द झाला तो 2022 मध्ये. मधली नऊ वर्षे ठेवीदार लटकून राहिले. तरीही नोकरदाराचे 90 दिवस आणि व्यापाऱ्याचे 90 दिवस सारखे नसतात. नोकरदाराचा पुढचा पगार दुसऱ्या बँकेत जमा होऊ शकतो. व्यापाऱ्याचे मात्र फिरते भांडवलच अडकलेले असते. ईदचा किंवा लग्नसराईचा हंगाम त्या तीन महिन्यांत निघून गेला तर नंतर मिळालेले पाच लाख मागील उधारी फेडण्यातच संपतात.

बँक बुडते कशी?

लोक म्हणतात, कर्जे बुडाली म्हणून बँक बुडाली. ते खरे आहे, पण पुरेसे नाही. पंजाब अँड महाराष्ट्र बँकेने एकूण कर्जाच्या 70 टक्क्यांहून अधिक रक्कम एचडीआयएल या एकाच बांधकाम समूहाला दिली होती आणि ती झाकण्यासाठी हजारो खोटी खाती दाखवली होती. 2025 च्या फेब्रुवारीत मुंबईच्या न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेत 122 कोटींच्या रोकडीचा अपहार उघडकीस आला. वह्यांत रक्कम होती, तिजोरीत नव्हती. ऑगस्ट 2025 मध्ये ती बँक सारस्वत बँकेत विलीन झाली.

आमच्या नागपूरचे उदाहरण त्याहून बोधक आहे. बँकांना ठेवींचा काही भाग सरकारी कर्जरोख्यांत ठेवावा लागतो. सर्वांत सुरक्षित गुंतवणूक ती हीच. 2001-02 मध्ये नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेने असे रोखे होम ट्रेड व अन्य काही दलाल कंपन्यांमार्फत विकत घेतले. पैसे दलालांकडे गेले, रोखे बँकेत आलेच नाहीत. सुमारे 150 कोटी रुपयांचा हा प्रश्न होता. वर्धा व उस्मानाबाद, म्हणजे आताचे धाराशिव, येथील जिल्हा बँकाही याच होम ट्रेडच्या जाळ्यात सापडल्या. त्या काळी होम ट्रेडच्या जाहिरातींत सचिन तेंडुलकर आणि शाहरुख खान झळकत होते! डिसेंबर 2023 मध्ये नागपूरच्या न्यायालयाने बँकेचे तत्कालीन अध्यक्ष सुनील केदार व इतर पाच जणांना दोषी ठरवून पाच वर्षांची शिक्षा सुनावली. निकालाविरुद्ध अपील दाखल झाले व जानेवारी 2024 मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने केदार यांना जामीन दिला. न्यायालयात काय व्हायचे ते होईल. व्यापाऱ्याने पाहायचे ते हे की 2002 चे प्रकरण पहिल्या निकालापर्यंत यायला 21 वर्षे लागली. मधल्या काळात बँक इतकी खंगली की परवान्याअभावी अडकलेल्या देशातील 23 जिल्हा बँकांना केंद्राने 2014 मध्ये मदत मंजूर केली, त्यांत महाराष्ट्रातील नागपूर, वर्धा व बुलढाणा या तीन बँका होत्या.

रोखे हातात असले तरी धोका संपतोच असे नाही. मार्च 2023 मध्ये अमेरिकेची सिलिकॉन व्हॅली बँक कोसळली. तिच्याकडे सरकारी पाठबळ असलेले खरेखुरे रोखेच होते. पण व्याजदर वाढले की जुन्या रोख्यांची किंमत उतरते. ठेवीदारांना हे कळले आणि त्यांनी मोबाईलवरून एका दिवसात 42 अब्ज डॉलर काढायला घेतले. पूर्वी बँकेसमोर रांग लागायची, ती पाहून तरी शेजारी सावध व्हायचे.

याचा अर्थ सर्वच बँका डळमळीत आहेत असा नाही. व्यापारी बँकांची थकीत कर्जे मार्च 2018 मध्ये 11 टक्क्यांवर गेली होती, ती मार्च 2025 पर्यंत अडीच टक्क्यांच्या खाली आली. आपल्या बँकेचा आकडा पाहायचा असेल तर वार्षिक अहवालात ढोबळ एनपीए, निव्वळ एनपीए आणि भांडवल पर्याप्तता हे तीन शब्द शोधावेत. सहकारी बँकेच्या सभासदाला अहवाल मिळतो. सर्वसाधारण सभेतला नाश्ता घेऊन अहवाल रद्दीत टाकण्याची आपली सवय मात्र जुनी आहे.

जी बँक नाही, ती बँक समजू नका

प्रताप नगरातच आम्हाला दुकानोदुकानी रोज शंभर-दोनशे रुपये गोळा करणारे पिग्मी एजंट भेटले. माणसे ओळखीची, व्यवहार नियमित. पण पतसंस्था म्हणजे बँक नव्हे. पतसंस्था, मग ती मल्टिस्टेट का असेना, पाच लाखांच्या या विम्यात येत नाही. बीडच्या ज्ञानराधा मल्टिस्टेटच्या ठेवीदारांवर 2023 मध्ये ही वेळ आली. व्याजाऐवजी नफा देतो असे सांगणाऱ्या कंपन्यांचेही तसेच. 2018 मध्ये हीरा ग्रुप आणि 2019 मध्ये बंगळुरूची आयएमए या कंपन्यांत आपल्याच हजारो कुटुंबांची पुंजी अडकली. ते व्यवहार ठेवी नव्हते, म्हणून विम्याचा प्रश्नच आला नाही. साइनबोर्डवर बँक शब्द आहे का, आणि ठेव विमा महामंडळाच्या यादीत नाव आहे का, एवढे दोन प्रश्न विचारायला लाजू नये.

अलीकडचा एक धोका बँक भक्कम असतानाही येतो. दुकानातील क्यूआर कोडवर कोणी अनोळखी ग्राहक 800 रुपये पाठवतो. ते पैसे कुठल्या तरी ऑनलाइन फसवणुकीतले असतात. फसलेला माणूस 1930 क्रमांकावर तक्रार करतो, पैशाचा माग काढत पोलीस आपल्या खात्यापर्यंत येतात आणि कधी तेवढी रक्कम, तर कधी पूर्ण खातेच गोठवले जाते. दुकानदाराने काही गुन्हा केलेला नसतो, पण कुठल्या तरी परराज्यातील ठाण्याशी पत्रव्यवहार करावा लागतो. असे झाल्यास बँकेकडून तक्रार क्रमांक व पोलीस ठाण्याचे नाव लेखी मागावे, त्या दिवसाचे बिल जोडून अर्ज द्यावा. बिलच नसेल तर बोलायला तोंड राहत नाही. कमिशनच्या लोभाने आपले चालू खाते दुसऱ्याला वापरायला देणारा मात्र गुन्ह्यातच सापडतो.

सोफावाल्या गृहस्थांनी आमच्या बोलण्यानंतर क्यूआर कोडसाठी दुसऱ्या बँकेत वेगळे खाते उघडायचे ठरवले. रोज रात्री त्यातील रक्कम मुख्य खात्यात वळवायची. मुदत ठेवही संपताच तिसऱ्या बँकेत न्यायची. त्यासाठी जुनी पावती काढली तेव्हा नॉमिनीच्या रकान्यात त्यांच्या वडिलांचे नाव निघाले. वडील जाऊन बरीच वर्षे झाली. 1 नोव्हेंबर 2025 पासून एका खात्यावर चार नॉमिनी टक्केवारीसह नेमता येतात. नॉमिनी हा वारस नव्हे, तो फक्त बँकेकडून रक्कम स्वीकारतो. वाटणी वारसांच्या हक्काप्रमाणेच व्हायची. त्यांनी नव्या फॉर्मवर पत्नीचे व दोन्ही मुलींची नावे लिहिली.