पोटात पाय, पोटाशी पोर

पहिला दमदार पाऊस पडून मुरबाडकडच्या बांधांवर गवताची लव फुटली की गोगलगायी दिसू लागतात. मग कुणीतरी हमखास म्हणतं, 'गोगलगाय अन् पोटात पाय!' म्हण आहे लबाडावर, पण प्राणिशास्त्रातही ती चोख बसते. गोगलगायीचा पोटाखालचा मांसल भाग हाच तिचा पाय. शास्त्रात तिच्या वर्गाचं नावच 'उदरपाद'.

पोटाचीच गोष्ट निघाली आहे, तर तिच्यासमोर ठेवू या मध पॉसम. नैर्ऋत्य ऑस्ट्रेलियातला हा कांगारूचा चिमुकला नातलग, वजन जेमतेम 10 ग्रॅम. मादीच्या पोटाला पिशवी. मूळची आफ्रिकेतली, आता आपल्याकडेही आढळणारी शंखी गोगलगाय पुरती वाढली की अशा तीन-चार पॉसमना सहज भारी पडते!

खरी गंमत पिल्लांत आहे. पॉसमचं नवजात पिल्लू 5 मिलिग्रॅमचं, सगळ्या सस्तन प्राण्यांत सर्वांत लहान. म्हणजे भाताच्या एका दाण्याच्या वजनाला अशी चारेक पिल्लं लागतील! आई दोन-तीन पिल्लं पिशवीत साधारण दोन महिने वागवते. शंखी गोगलगाय एका खेपेला शंभराहून जास्त अंडी मातीत घालते आणि निघून जाते. शिवाय नर-मादी एकाच देहात, त्यामुळे अंडी घालायला कुणीही मोकळं.

जिभा तर बघण्यासारख्या. पॉसमची कुंचल्यासारखी, फुलातला मध आणि पराग टिपायला. गोगलगायीची कानशीसारखी, तीवर हजारो बारीक दात.

पाऊस सरला की गोगलगाय शंखाच्या तोंडाला पातळ पडदा लावून झोपते. किती झोपावं? 1846 मध्ये इजिप्तची एक गोगलगाय मेलेली समजून ब्रिटिश म्युझियममध्ये पुठ्ठ्यावर चिकटवली होती. 1850 मध्ये कोमट पाण्यात सोडली, तर बाई चालू लागल्या!

म्हणीतली लबाडी आपल्या साध्या गोगलगायीला उगाच चिकटली, असं मला मनापासून वाटतं. ती शोभते आफ्रिकेतून आलेल्या शंखी गोगलगायीला. 1847 मध्ये बेन्सन नावाच्या शंखअभ्यासकाने मॉरिशसहून आणून ती कोलकात्याच्या बागेत सोडली. 2022 च्या पावसाळ्यात तिने लातूर, बीड, धाराशिवकडची सोयाबीनची कोवळी रोपं फस्त केली. शेतकरी गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं संध्याकाळी शेतात टाकतात आणि सकाळी त्याखाली जमलेल्या गोगलगायी वेचतात. वेचताना हातमोजे मात्र हवेतच. तिच्या अंगात माणसाला बाधणारे जंत असू शकतात.