कर्नेल व प्रोग्रॅम यांचा करारनामा

घरातील वायफायचा राऊटर, सेट-टॉप बॉक्स अशा कित्येक उपकरणांच्या पोटात एक छोटा संगणक असतो व त्यावर पुष्कळदा लिनक्स ही प्रणाली चालते. अशी प्रणाली बांधण्याच्या कामाकडे वळणाऱ्या तरुण-तरुणींना सुरुवातीलाच अडविणारा विषय म्हणजे कर्नेलच्या हेडर फायली.

कर्नेल हा प्रणालीचा गाभा होय. फाईल उघडणे, वेळ विचारणे ही कामे प्रत्येक प्रोग्रॅम त्याच्याकडून करून घेतो. ही मागणी कोणत्या क्रमांकाने व कोणत्या नमुन्यात करावयाची, ते हेडरमध्ये लिहिलेले असते. थोडक्यात, हेडर म्हणजे दोघांमधील करारनामा.

कर्नेलमध्ये स्वतःच्या अंतर्गत वापराचेही हेडर असतात व ते वारंवार बदलतात. प्रोग्रॅमसाठीचे हेडर त्यांतून वेगळे काढून देणारी ‘मेक हेडर्स इन्स्टॉल’ ही आज्ञा २००६ साली २.६.१८ या आवृत्तीत आली. पुढे २०१२ मध्ये, ३.७ या आवृत्तीपासून, त्यांना ‘यूएपीआय’ नावाची स्वतंत्र जागा मिळाली.

येथे मुख्य नियम एकच : हेडर उपकरणावरील कर्नेलपेक्षा नवे नसावेत. जुने चालतात, कारण प्रोग्रॅमला पूर्वी दिलेले वचन कर्नेल पाळतो. परंतु पुढे येणारी मागणी त्याला कशी कळणार? उदाहरणार्थ, यादृच्छिक अंक देणारी ‘गेटरँडम’ ही सोय २०१४ साली ३.१७ मध्ये आली. समजा, हेडर ३.१७ चे व उपकरणावरील कर्नेल ३.१० चा आहे. बांधणी बिनतक्रार पार पडते. मात्र उपकरणावर ‘असे कार्य नाही’ एवढेच उत्तर मिळते. प्रोग्रॅममध्ये पर्यायी व्यवस्था नसेल, तर दोष थेट ग्राहकाच्या घरी उघडा पडतो.

बिल्डरूटमध्ये हेडरची आवृत्ती मेनूतून निवडता येते. अनेक बोर्डांसाठी एकच टूलचेन वापरायची असेल, तर सर्वांत जुन्या कर्नेलचा आधार घ्यावा. सी लायब्ररी याच हेडरवर उभी असते. म्हणून आवृत्ती बदलल्यास संपूर्ण बांधणी पुन्हा करावी. योक्टोमध्ये यासाठी ‘लिनक्स-लिबसी-हेडर्स’ ही स्वतंत्र रेसिपी आहे. ती प्रत्येक बोर्डासाठी बदलू नये.

ड्रायव्हरची गोष्ट मात्र निराळी. तो कर्नेलच्या आतच चालतो, म्हणून त्याला नेमक्या त्याच कर्नेलचा बांधलेला सोर्स व कॉन्फिगरेशन लागते. तेथे वरील हेडर उपयोगाचे नाहीत.

तेव्हा काम सुरू करण्यापूर्वी कर्नेल, हेडर व सी लायब्ररी या तिन्हींच्या आवृत्त्या वहीत लिहून ठेवाव्यात. कर्नेलची आवृत्ती उपकरणावरच ‘यूनेम’ या आज्ञेने तपासावी. ही पाच मिनिटांची शिस्त पुढचे कित्येक दिवसांचे श्रम वाचविते.