घाणा बंद, आज शनिवार!

रायगडातल्या गावांत पूर्वी तेल्यांची एक जमात शनिवारी घाणा जुंपत नसे. गावाने नावच ठेवलं, शनिवार तेली. हेच आपले बेने इस्राएल, कोकणातले यहुदी. शतकानुशतकं जवळ ना हिब्रू पोथ्या, ना रब्बी म्हणजे धर्मगुरू; पण शनिवारचा विसावा, शब्बाथ, सुटला नाही. यहुदी विचारात वाराला एवढा मान का आणि जागेचं काय? घ्या, एकेक गंमत.

पहिला मान वाराला
यहुदींच्या पवित्र ग्रंथात, तोरामध्ये, सृष्टी घडवून झाल्यावर देवाने पवित्र केला तो सातवा दिवस. ना डोंगर, ना नदी, ना गाव. रब्बी अब्राहम हेशेल यांनी 1951 साली ‘द सॅबथ’ या पुस्तकात हाच धागा पकडला: शब्बाथ म्हणजे विटांऐवजी वेळेने उभारलेला महाल.

शनिवार उगवतो शुक्रवारी
यहुदी दिवस मावळतीला सुरू होतो. शुक्रवारी सूर्यास्ताच्या साधारण 18 मिनिटं आधी मेणबत्त्या लागतात. जेरुसलेममध्ये रिवाज 40 मिनिटांचा. शनिवारी आभाळात तीन तारे दिसले की शब्बाथ संपला.

चपला काढा, पण तेवढ्यापुरत्या
जागेचं पावित्र्य मात्र तात्पुरतं. तोरातल्या कथेत जळत्या झुडपापाशी संदेष्टा मोशेला पायताण काढावं लागलं, कारण जमीन पवित्र. पुढे सीनाय डोंगरावर देव उतरला, तेव्हा पायथ्याला हात लावला तरी मृत्युदंड. लांब शिंग वाजलं की बंदी उठली, खुशाल चढा! तो डोंगर नेमका कुठला, यावर आजही एकमत नाही.

देवाचं काम? तरीही सुट्टी
वाळवंटात देवासाठी तंबूचं मंदिर उभारायचं होतं. तरी शनिवारी हात थांबवायचेच! रब्बींनी त्यावरून हिशेब मांडला: त्या मंदिराला लागलेली 39 प्रकारची कामं शब्बाथला वर्ज्य. नांगरणी, विणकाम, शिवण, एवढंच काय, दोन अक्षरं लिहिणंसुद्धा.

दहा पायऱ्या आणि रिकामी खोली
मिश्ना हा ग्रंथ जागेच्या पावित्र्याच्या चढत्या पायऱ्या सांगतो: इस्राएलची भूमी, तटबंदीची गावं, जेरुसलेम, मंदिराची टेकडी… आणि सगळ्यात वर जेरुसलेमच्या मंदिराचा गाभारा. तिथे जायचं फक्त महायाजकाने, तेही वर्षातून एकाच दिवशी, योम किप्पूर या प्रायश्चित्ताच्या दिवशी. इ.स.पू. 63 मध्ये रोमन सेनापती पाँपे आत घुसला. मूर्ती नव्हतीच, खोली रिकामी!

तारेने बांधलेलं घर
शब्बाथला घराबाहेर काही उचलून न्यायचं नाही, खिशातली किल्लीसुद्धा. मग बाळाला कडेवर कसं न्यायचं? तोडगा म्हणजे एरुव. वस्तीभोवती खांबांवरून तार ओढायची, सगळ्यांच्या नावाने थोडं अन्न एकत्र ठेवायचं. झालं, अख्खी वस्ती एक घर! न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनभोवती अशी तार आहे. कुठे तुटली तर नाही ना, हे दर आठवड्याला बघतात.

अंतराळात शनिवार कधी?
2003 साली इस्राएलचे अंतराळवीर इलान रामोन कोलंबिया यानातून अंतराळात गेले. तिथे दर दीड तासाला सूर्य उगवतो. सात सूर्योदयांचा आठवडा धरला, तर साडेदहा तासांत शब्बाथ पुन्हा दारात! उपाय साधा निघाला: घड्याळ पृथ्वीवरचंच पाळायचं.

बिरड्याचा रोजा
जेरुसलेमचं पहिलं मंदिर बाबिलोनच्या सैन्याने पाडलं, दुसरं रोमनांनी इ.स. 70 मध्ये. दोन्हींचा शोक एकाच दिवशी, आव महिन्याच्या नवव्या दिवशी, उपास करून. कोकणातल्या बेने इस्राएलांनी त्या दिवसाला नाव दिलं बिरड्याचा रोजा, वालाच्या बिरड्यावरून. मंदिर समुद्रापार, तेही पडलेलं. त्याची आठवण मात्र अलिबागकडच्या चुलीवर दरसाल शिजत राहिली.