बाँडवरची फारकत

बीड जिल्ह्यातल्या कोणत्याही तहसील कचेरीच्या आवारात मुद्रांकविक्रेता, टंकलेखक आणि नोटरी हे तिघे एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर बसलेले आढळतात. आणि जमिनीचा इसार, उचलीची कबुलात व नवराबायकोची फारकत हे तिन्ही दस्तऐवज एकाच टेबलावर आणि जवळजवळ एकाच साच्यात तयार होत असल्यामुळे, पहिल्या दोहोंनी देणेघेणे बांधले जात असले तरी तिसऱ्याने विवाह प्रायः सुटत नाही, ही गोष्ट त्या टेबलापाशी आलेल्या माणसाच्या गळी उतरवणे फार कठीण जाते.

त्या फारकतीचा मजकूर ठरलेला असतो. उभयतांचे पटत नाही, पंचांसमक्ष राजीखुशीने संबंध तोडला आहे, मुलीने एकरकमी रक्कम घेतली असून यापुढे ती पोटगी मागणार नाही, मूल अमक्याकडे राहील, आणि दोघांसही पुनर्विवाहाची मोकळीक आहे. यांतले शेवटचे कलम सर्वांत घातक होय. १८ मे १९५५ रोजी हिंदू विवाह कायदा अमलात आल्यापासून हिंदूंचा विवाह न्यायालयाच्या हुकूमनाम्यावाचून सुटत नाही. अपवाद एवढाच, की रूढीने चालत आलेला घटस्फोटाचा हक्क त्या कायद्याच्या २९ व्या कलमाने अबाधित ठेवला आहे. काडीमोड आणि पाट ज्या जातींत पिढ्यान्‌पिढ्या मान्य होते त्यांना या अपवादाचा आधार आहे खरा, परंतु ती रूढी जो पुढे करील त्यानेच ती दाव्यात मांडून पुराव्याने सिद्ध केली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली सांगितले. आणि नोटरीचा शिक्का तर सही कोणाची एवढेच सांगतो. म्हणून बाँडाच्या भरवशावर जो दुसरे लग्न करतो त्याच्यावर पहिला विवाह कायम असता दुसरा केल्याबद्दल सात वर्षांपर्यंतच्या कैदेचा खटला उभा राहू शकतो, आणि जी त्याच्याशी लग्न करते तिला आपण कायद्याने कोणीच नव्हतो हे पुष्कळदा नवरा गेल्यावर, तलाठ्याकडे वारसनोंदीची वेळ आली असता, कळते. तिच्या मुलांना मात्र १६ व्या कलमाने औरसच मानले आहे, ही त्या कायद्यातली दयाबुद्धी.

हे सारे ऐकून शहरी वाचक अज्ञानाला दोष देऊन मोकळा होईल. मला तो निवाडा अपुरा वाटतो. बडोद्यात सयाजीरावांनी १९३१ साली आणि मुंबई इलाख्यात विधिमंडळाने १९४७ साली हिंदूंस घटस्फोटाचा कायदा दिला, त्या वेळी बीड निजामाच्या मुलखात होते; तेथे, ज्या जातींत मुभा होती त्यांच्यापुरते, पंच हेच न्यायालय होते. परंतु जुन्या सवयीपेक्षाही बलवत्तर कारण आजच्या दिनमानात आहे. दसऱ्याच्या सुमारास येथली गावेच्या गावे ऊसतोडीसाठी कोल्हापूर, सांगली, सातारा आणि कर्नाटकाकडे निघतात, आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी, गाळप संपल्यावर, परततात. मुकादमाच्या वहीत नवराबायको मिळून एक कोयता: तो ऊस तोडतो, ती मोळ्या बांधते, उचल दोघांच्या श्रमावर घेतलेली असते. एकटा माणूस तिकडे अर्धा कोयता गणला जातो. हंगामापूर्वी जोडी पुरी करण्यासाठी लग्ने उरकली जातात, आणि जोडी फुटली की प्रश्न केवळ मनाचा राहत नाही, फिटलेल्या आणि न फिटलेल्या उचलीचाही होतो.

आता कायद्याचे वेळापत्रक या जीवनाशेजारी ठेवून पाहा. परस्पर संमतीच्या घटस्फोटासाठी, १९७६च्या दुरुस्तीने आलेल्या १३-ब कलमानुसार, दोघे एक वर्ष वेगळे राहिलेले असावे लागतात. मग अर्ज, आणि अर्जानंतर सहा महिन्यांनी, पण अठरा महिन्यांच्या आत, पुन्हा हजर राहून संमती कायम असल्याचे सांगावे लागते. मृगाच्या पावसात अर्ज दिला तर दुसरी हजेरी मार्गशीर्षात येते, म्हणजे ऐन गाळपात, जेव्हा फडातून एक दिवस सुटणेही मुकादमाच्या मर्जीवर असते. त्यापेक्षा बाँड एका दुपारी होतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली ही सहा महिन्यांची अट सक्तीची नसल्याचे ठरवले असून, दीड वर्षाहून अधिक वियोग झाला असेल, समेटाचे प्रयत्न निष्फळ ठरले असतील आणि पोटगी व ताब्याचा उलगडा झालेला असेल, तर न्यायालय ती माफ करू शकते. बीडच्या पक्षकाराने आपल्या वकिलास सर्वप्रथम विचारावे ते हेच.

कित्येक मुलींना तर घटस्फोटाची वाटच धरावी लागत नाही, आणि हे त्यांना कोणी सांगत नाही. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात या जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे ४४ टक्क्यांचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले. अशा मुलीस २००६च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्यान्वये सज्ञान झाल्यापासून दोन वर्षांच्या आत विवाह रद्द करून मागता येतो, पुनर्विवाहापर्यंत निर्वाहखर्च मिळू शकतो, आणि झालेले अपत्य औरसच राहते. विसावे वर्ष उलटले की हा दरवाजा बंद होतो.

पोटगी सोडल्याचे कलम तर कागदावरच राहते. पोटगीचा वैधानिक हक्क कराराने सोडून देणे हे सार्वजनिक धोरणाविरुद्ध असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली म्हटले, आणि बापास वा आईस मुलाचा हक्क तर कोणत्याही बाँडाने सोडता येत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १४४ व्या कलमाचा अर्ज स्त्री राहत्या तालुक्यातच करू शकते; सर्वोच्च न्यायालयाच्या २०२०च्या निकालानुसार दोघांनाही मिळकत व देण्यांचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरली जाते. उचलीची रक्कम, हंगामाची मजुरी, मुकादमाची वही हे सारे त्या प्रतिज्ञापत्राच्या कक्षेत यावयास हवे, कारण सातबाऱ्यावर नाव नसलेला माणूस निर्धनच असतो असे नाही. वकिलाच्या फीची चिंताही नको: १९८७च्या विधी सेवा कायद्याने स्त्रीस, तिचे उत्पन्न काहीही असो, मोफत वकील मिळतो.

विवाहापूर्वीच्या करारांविषयी थोडेच सांगण्यासारखे आहे. गोव्यात पोर्तुगीज अमदानीच्या दिवाणी संहितेमुळे वधूवर लग्नाआधी मालमत्तेचा करार करू शकतात. महाराष्ट्रातल्या हिंदूंस तसा आधार नाही, आणि ‘वेगळे झालो तर अमुक’ अशी अट न्यायालयात टिकण्याची आशा कमी. मुसलमानांचा निकाह मात्र मुळातच करार असल्याने निकाहनाम्यात मेहरसह वाजवी अटी घालता येतात, आणि तलाक दिला असे नुसते म्हणणे पुरेसे नसून तो सकारण होता व आधी समेटाचा यत्न झाला हे पतीने सिद्ध करावे, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद येथील पूर्णपीठाने २००२ सालीच दिला होता. बीड याच खंडपीठाच्या अधिकारक्षेत्रात येते.

राहिला मुलाचा प्रश्न, आणि तोच सर्वांत अवघड. हिंदूंच्या बाबतीत १९५६च्या कायद्याप्रमाणे पाच वर्षांच्या आतले मूल सामान्यतः आईकडे असावे, आणि पुढे सर्व बाबतींत त्याचे कल्याण हाच निकष. परंतु पालकत्वाचा अर्ज १८९०च्या कायद्यान्वये मूल जेथे सामान्यतः राहते तेथील न्यायालयात करावा लागतो. आणि जे मूल अर्धे वर्ष कारखान्याच्या वेशीवरच्या कोपीत व अर्धे वर्ष गावात राहते, अथवा हंगामभर आजीपाशी किंवा जिल्हा परिषद शाळेच्या हंगामी वसतिगृहात असते, ते सामान्यतः कुठले म्हणावे? अशा वेळी शाळेची हजेरी, वसतिगृहाची नोंद, अंगणवाडीतले लसीकरणाचे कार्ड हे कागद बाँडाहून अधिक बोलके ठरतात. आणि संमतीच्या अर्जात भेटीची तजवीज लिहिताना ‘दर रविवारी दोन तास’ हे शहरी सूत्र उतरवून घेण्याऐवजी, गाळप चालू असता मूल कोणापाशी, फडावर नेण्यास मनाई आहे की नाही, शाळेचा दाखला कोणाच्या सहीने निघेल, आणि अक्षय्य तृतीयेपासून दसऱ्यापर्यंतचे कोणते दिवस दुसऱ्या पालकाचे, हे महिनेवार आणि स्पष्ट लिहून त्यावर न्यायालयाचा हुकूम घ्यावा. मग एका पालकाने तो मोडल्यास दुसऱ्यास पंचांकडे नव्हे, न्यायालयाकडे जाता येते.