ट्रंपेटचा माउथपीस

माउथपीस हा ट्रंपेट या सुषिर वाद्याचा, ओठांना टेकणारा आणि वाद्यापासून वेगळा करता येणारा धातूचा भाग आहे. वादकाच्या ओठांचे कंपन याच्यामार्फत नळीतील हवेपर्यंत पोहोचते. तुतारी व शिंग या पारंपरिक वाद्यांतही ध्वनी ओठांच्या कंपनानेच निर्माण होतो. महाराष्ट्रात ट्रंपेट मुख्यतः लग्नसराईतील ब्रास बँडमुळे परिचित आहे. गोव्यातील हळदोणे येथे जन्मलेल्या चिक चॉकलेट यांनी मुंबईतील जॅझ व हिंदी चित्रपटसंगीतात या वाद्यावर नाव मिळवले.

रचना

माउथपीसचे पाच भाग असतात : ओठ टेकण्याची कड, तिच्याखालची वाटी, वाटीच्या तळाचे अरुंद छिद्र, त्यापुढे रुंदावत जाणारी आतली पोकळी आणि वाद्यात बसणारी दांडी. खोल वाटीमुळे नाद गडद व भरदार होतो. उथळ वाटीमुळे तो झगझगीत व टोकदार होतो.

मापे आणि निवड

व्हिन्सेंट बाख यांच्या पद्धतीत आकडा लहान तितका व्यास मोठा असतो, तर अक्षर वाटीची खोली दर्शवते. '७सी'चा व्यास १६.२० मिमी, तर '३सी'चा १६.३० मिमी आहे. हा फरक किरकोळ दिसला, तरी ओठांना तो जाणवतो. शिल्के व यामाहा यांच्या आकड्यांचा क्रम मात्र उलट आहे. म्हणून केवळ आकडा पाहून निवड करणे चुकीचे ठरते. नवशिक्यांना सहसा '७सी' किंवा '५सी' यांसारखा मध्यम माप सुचवला जातो. कॉर्नेटच्या माउथपीसची दांडी बारीक असते, त्यामुळे तो ट्रंपेटला नीट बसत नाही. दांडी सैल असल्यास हवा गळते व स्वर ढळतो.

वरचे स्वर

कळ न दाबता ट्रंपेटवर सा, प, तार सा, तार ग, तार प असे नैसर्गिक स्वर क्रमाने निघतात. वर जावे तसे हे स्वर परस्परांच्या जवळ येतात. त्यामुळे ओठांचा ताण किंचित बदलला तरी शेजारचा स्वर लागतो. उथळ वाटीमुळे वरच्या स्वरांची झळाळी वाढते व दमही काहीसा टिकतो. परंतु मुळात न निघणारा स्वर तिच्यामुळे निघू लागत नाही. वाटी फार उथळ असल्यास ओठ तळाला टेकतात आणि नाद दबतो.

सराव

स्वर चढवण्यासाठी माउथपीस ओठांवर दाबणे ही सर्वांत सामान्य चूक आहे. अतिदाबाने ओठांतील रक्तप्रवाह अडतो, कंपन थांबते आणि ओठाच्या स्नायूला कायमची इजाही होऊ शकते. वरातीत तासन्‌तास वाजवणाऱ्या वादकाच्या उपजीविकेवरच त्यामुळे संकट येऊ शकते. म्हणून सरावात पुढील क्रम पाळला जातो :

- प्रारंभी मंद आवाजात दीर्घ स्वर धरणे;
- कळ न बदलता केवळ ओठ व श्वास यांच्या साहाय्याने एका नैसर्गिक स्वरावरून दुसऱ्यावर जाणे;
- खालचा स्वर सहज लागल्यावरच अर्ध्या स्वराने वर सरकणे;
- जितका वेळ वाजवावे, तितकाच वेळ विश्रांती घेणे;
- ओठ दुखू लागताच वादन थांबवणे.

निगा

माउथपीस कोमट पाणी, साबण व लहान ब्रशने नियमित धुवावा. पथकात तो सामाईक वापरणे आरोग्यास घातक आहे. वाद्य एकच असले तरी प्रत्येक विद्यार्थ्याचा माउथपीस स्वतंत्र असावा.